केसपेपरवर नसलेलं माणूस

रत्नागिरी जिल्ह्यातल्या सावर्डे नाक्यावरून डेरवणला जाणाऱ्या रिक्षात सकाळच्या वेळी बहुधा जोडीजोडीने माणसं बसलेली असतात. कोणी चिपळूणकडून एसटीने आलेलं असतं, कोणी संगमेश्वरकडून, कोणी सावर्डे स्टेशनात गाडीतून उतरलेलं. दोघांपैकी आजारी कोण, हे ओळखायला चेहरा बघावा लागत नाही. फाइल, डबा, पाण्याची बाटली, शाल, सुट्टे पैसे हे सगळं ज्याच्याजवळ असतं, ते माणूस आजारी नसतं. डेरवणच्या वालावलकर रुग्णालयात पोचल्यावर केसपेपर एकाचाच निघतो. दुसऱ्याचं नाव लागतं ते संमतीच्या कागदावर सही करण्यापुरतं.

पुढचे कित्येक महिने रात्री उठायचं, गोळ्यांची वेळ सांभाळायची, जखमेचा वास बदलला की घाबरायचं, पैशाची जुळवाजुळव करायची आणि वर ‘सगळं ठीक होईल’ असंही म्हणायचं, हे सगळं त्या सही करणाऱ्या माणसाकडे येतं. माझं म्हणणं एवढंच आहे की आजारी माणसाचा जोडीदार हा उपचाराचाच भाग आहे. त्याला काम शिकवणं, त्याला मधून मधून मोकळं करणं आणि त्याची स्वतःची तब्येत विचारणं ही कोणाची तरी ठरलेली जबाबदारी असायला हवी. आज ती कोणाचीच नाही. आपण तिला प्रेम म्हणतो, संसार म्हणतो, पत्नीधर्म म्हणतो, आणि एकदा धर्म म्हटलं की मदत करण्याची गरजच उरत नाही.

यावर लोक म्हणतात की नवराबायकोच्या नात्यात असला हिशेब आणू नये. जे मनापासून केलं जातं, ते शिकवावं लागत नाही. ही समजूत किती अपुरी आहे, ते रत्नागिरी जिल्ह्याइतकं दुसरीकडे क्वचितच दिसेल. २०११ च्या जनगणनेत या जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे १,१२२ स्त्रिया होत्या. त्यामागे शतकभराची चाकरमानी परंपरा आहे. नवरा मुंबईला गिरणीत, गोदीत, पुढे कुठल्या तरी ऑफिसात. बायको गावी सासूसासऱ्यांजवळ, शेतीवर आणि मनीऑर्डरवर. गणपती, शिमगा आणि मे महिना एवढाच त्यांचा एकत्र संसार. लग्नाला वीस-पंचवीस वर्षं झाली, मुलं मोठी झाली, तरी सलग वर्षभर एका छपराखाली न राहिलेली जोडपी इथे घरोघर होती. आता बरीच कुटुंबं विरार, नालासोपारा, डोंबिवलीला एकत्र राहतात, पण ती पद्धत पुरती गेलेली नाही.

अशा घरात मोठा आजार येतो तेव्हा काय होतं? माणूस गावी आणला जातो. ‘गावची हवा लागू दे’ असं म्हणतात, पण खरं कारण बहुतेकदा मुंबईतल्या खोलीत आजारी माणसाला टेकायला जागा नसते, हे असतं. मग ज्या माणसाला बायको सणावारापुरती ओळखत होती, त्याला तिने आंघोळ घालायची, त्याचं शौच काढायचं, त्याच्या नाकातल्या नळीतून पातळ पेज सोडायची. त्या शरीराची तिला सवय नाही. त्याच्या सवयी, राग, झोपेच्या वेळा तिला माहीत नाहीत. इतकी वर्षं घर, गुरं, भातलावणी, बँकेचं पासबुक, भावकीतले तंटे हे सगळं तिने एकटीने निभावलेलं असतं. आणि आता अंथरुणावरून तो विचारतो, हे असं का केलंस, ते तसं का नाही. त्याचंही चुकतं असं नाही. नोकरी गेली, अंगातली ताकद गेली; घरातला कर्ता म्हणून असलेली जागा तरी राहावी, एवढीच त्याची धडपड असते. पण रात्रभर जागलेल्या बाईने हे समजून घ्यायचं कुठून?

अशा घरांमध्ये जवळीक आजारपणाच्या आधी नसते, आजारपणात ती पहिल्यांदा तयार होते. काही जोडपी आजारपणाच्या दोन वर्षांत जितकं एकमेकांशी बोलली, तितकं आधीच्या वीस वर्षांत बोलली नव्हती. काहींच्या मनात मात्र कायमची अढी बसली. यात प्रेम कमी की जास्त, असं मोजण्यात अर्थ नाही. ज्यांना वेळेवर कोणी दोन गोष्टी सांगितल्या, ज्यांची जाऊ किंवा बहीण चार दिवस येऊन राहिली, ज्यांच्या हातात थोडा पैसा होता, ती तगली. बाकीच्यांकडून आपण चमत्काराची अपेक्षा ठेवली.

आजारी जोडीदाराचा विषय निघाला की मला जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांची आठवण होते. १८८८ मध्ये जोतीरावांना पक्षाघात झाला आणि उजवी बाजू निकामी झाली. त्या अवस्थेत डाव्या हाताने लिहून त्यांनी ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ पुरं केलं. २८ नोव्हेंबर १८९० ला ते गेले आणि पुस्तक पुढच्या वर्षी छापून निघालं. त्या दोन वर्षांत त्या घरात पैशाची चणचण होती, दत्तक मुलगा यशवंत लहान होता, आणि शुश्रूषेचा भार सावित्रीबाईंवर होता. पुस्तकाची थोरवी सगळे सांगतात. अर्धांग गेलेला माणूस रोज लिहायला बसू शकावा, यासाठी घरात काय काय घडावं लागतं, हे फारसं कोणी सांगत नाही. त्याला उठवून बसवावं लागतं, टेकू द्यावा लागतो, जेवण, औषध, विश्रांती लेखनाच्या वेळेशी जुळवावी लागते. आणि सर्वांत अवघड म्हणजे त्याच्यासाठी सगळं आपणच करून टाकण्याचा मोह आवरावा लागतो. लेखणी त्यांच्याच हातात राहिली, ही गोष्ट मला शुश्रूषेच्या दृष्टीने फार मोठी वाटते.

आता याच जोडप्याची उलटी बाजू पाहा. १८५६ मध्ये सावित्रीबाई आजारी पडल्या, तेव्हा त्या बऱ्या होण्यासाठी नायगावला माहेरी गेल्या. तिथून १० ऑक्टोबरला त्यांनी जोतीरावांना लिहिलेलं पत्र आज उपलब्ध आहे. आपलं दुखणं आता मागे पडलं आहे, भावाने फार केलं, असं त्या कळवतात. पुण्यात आपल्यामागे शाळेतल्या सहकारी फातिमावर कामाचा बोजा पडला असेल, याची त्यांना काळजी वाटते. जोतीरावांच्या मनाविषयी शंका घेण्याचं काहीच कारण नाही. शाळांचं काम त्यांच्यावर होतं, आणि आजारी बाईने माहेरी जावं, ही तेव्हाची रीतच होती. पण इतक्या समतेने जगलेल्या घरातही रीत तीच होती, हे लक्षात घेण्यासारखं आहे. आजारी नवऱ्याचं बायकोने करायचं आणि आजारी बायकोचं तिच्या माहेराने करायचं, ही आपल्याकडची न लिहिलेली वाटणी अजून मोडलेली नाही.

डेरवणच्या परिसरात हे आजही दिसतं. स्त्री आजारी असली की सोबत आई, बहीण, मुलगी किंवा भावजय असते. नवरे येतात, डॉक्टरांशी बोलतात, पैसे भरतात आणि कामावर जातात. टाटा मेमोरियलने वालावलकर रुग्णालयाच्या साथीने रत्नागिरी आणि सिंधुदुर्गाच्या खेड्यांत तोंडाच्या, स्तनाच्या आणि गर्भाशयमुखाच्या कॅन्सरसाठी तपासणीची मोहीम राबवली, ती फार मोलाची होती. पण तपासणीनंतर ‘पुढे जायला हवं’ असं सांगितलं की बाईचं पहिलं उत्तर असतं, लावणी होऊ दे, गणपती होऊ देत, मुलीची परीक्षा होऊ दे. आपण अंथरूण धरलं तर आपलं कोण करणार, हा हिशेब तिने मनात आधीच केलेला असतो, आणि तो बहुतेकदा बरोबर असतो.

२००९ मध्ये अमेरिकेत ५१५ रुग्णांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. मेंदूतली गाठ, इतर कॅन्सर, मल्टिपल स्क्लेरोसिस असे गंभीर आजार झालेली ही माणसं होती. आजारी व्यक्ती स्त्री असेल तर जोडपं विभक्त होण्याचं किंवा घटस्फोटाचं प्रमाण २०.८ टक्के निघालं. आजारी पुरुष असेल तर २.९ टक्के. आपल्याकडे लगेच कोणी म्हणेल की आमच्यात असं होत नाही. घटस्फोट होत नाही हे खरं. आपल्याकडे माहेरी पाठवतात. भारतातल्या अवयवदानाचं चित्रही असंच आहे: जिवंतपणी मूत्रपिंड किंवा यकृताचा भाग देणाऱ्यांत स्त्रिया जास्त आणि अवयव मिळालेल्यांत पुरुष जास्त. बायको देते, आई देते. नवऱ्याने दिलं तर बातमी होते.

म्हणून पुरुषांना निर्दय ठरवून मोकळं होता येणार नाही. बायकोची शुश्रूषा करणारे पुरुष आमच्या भागात आहेत आणि त्यांचे हाल मी जवळून पाहिले आहेत. त्यांना मऊ भात करता येत नाही, वेणी घालता येत नाही, केमोनंतर केस गळायला लागले की काय बोलावं कळत नाही. विहिरीवर, नळावर बायका एकमेकींजवळ मन मोकळं करतात. पुरुषाला नाक्यावरच्या चहाच्या टपरीवर ‘आज रात्रभर ती रडली’ असं सांगायची सोय नाही. वाडीतली माणसं एक तर कीव करतात, नाही तर ‘बायकोचं सगळं करतो हो’ असं म्हणून त्याला देवपणाला पोचवतात. त्याला नको असतात दोन्ही. त्याला कोणी तरी पेज कशी करायची ते दाखवायला हवं असतं.

सेवा करणाऱ्या बायकोला समाज काय देतो, याचं सगळ्यात बोचरं उदाहरणही याच जिल्ह्याशी जोडलेलं आहे. बाबासाहेब आंबेडकरांचं मूळ गाव मंडणगड तालुक्यातलं आंबडवे. पहिल्या पत्नी रमाबाई दापोलीजवळच्या वणंदच्या. दीर्घ आजाराने त्या २७ मे १९३५ ला गेल्या. पुढे राज्यघटनेच्या कामाच्या काळात बाबासाहेबांची तब्येत ढासळली. मधुमेह, रक्तदाब, पायातल्या असह्य वेदना, झोप नाही. मुंबईत डॉ. मालवणकरांच्या दवाखान्यात उपचार घेताना त्यांची डॉ. शारदा कबीर यांच्याशी ओळख वाढली. शारदाबाईंचं घराणं राजापूर तालुक्यातल्या डोर्ल्याचं. १५ एप्रिल १९४८ ला दिल्लीत दोघांचं लग्न झालं आणि त्या सविता आंबेडकर झाल्या. एका शिकलेल्या डॉक्टर बाईने स्वतःची प्रॅक्टिस सोडून साडेआठ वर्षं एका मोठ्या आणि सतत कामात बुडालेल्या माणसाची पथ्यं, इंजेक्शनं, झोप आणि भेटीगाठी सांभाळल्या. भेटायला आलेल्यांना परत पाठवण्याचं काम ज्याच्याकडे असतं, त्याच्यावर लोकांचा रोष असतोच. ६ डिसेंबर १९५६ ला बाबासाहेब गेले आणि त्या रोषाचा संशय झाला. सरकारी चौकशीत मृत्यू नैसर्गिक असल्याचं स्पष्ट झालं, तरी संशय त्यांच्या मागे वर्षानुवर्षं राहिला.

‘द बुद्ध अँड हिज धम्म’साठी बाबासाहेबांनी १९५६ मध्ये लिहिलेल्या प्रास्ताविकात पत्नी आणि डॉ. मालवणकर या दोघांचं ऋण मानलं होतं. आपण हे पुस्तक पुरं करू शकलो ते त्यांच्यामुळे, असा त्याचा आशय आहे. १९५७ मध्ये पुस्तक निघालं, त्यात ते प्रास्ताविक नव्हतं. रुग्णाने स्वतः केलेली नोंदही वाचकांपर्यंत पोचली नाही. पुढे १९९० मध्ये सविताबाईंनी ‘डॉ. आंबेडकरांच्या सहवासात’ लिहून आपली बाजू मांडली. त्यातल्या प्रत्येक मताशी सहमत व्हायला पाहिजे असं नाही. पण रुग्ण वाचला तर दैव आणि डॉक्टर, गेला तर शेजारी बसलेलं माणूस, हा न्याय खेड्यापाड्यांतल्या किती तरी विधवांच्या वाट्याला नाव नसताना आलेला आहे. ‘वेळेवर नेलं नाही’, ‘जेवणाकडे लक्ष दिलं नाही’ हे शब्द तेराव्याच्या आतच कानावर पडतात.

बरं होण्याच्या काळाबद्दल आपण तर बोलतच नाही. ऑपरेशनच्या दिवशी दहा माणसं येतात. रेडिएशन आठवड्याला पाच दिवस, अनेकदा पाच-सहा आठवडे चालतं. तिसऱ्या आठवड्यात सोबतीला एकच माणूस उरतं. डिस्चार्ज झाला की सगळे म्हणतात, सुटलात. पण स्तनाच्या कॅन्सरनंतर अनेकींना गोळ्या पाच वर्षं, काहींना त्याहूनही जास्त काळ घ्याव्या लागतात. तोंडाचं ऑपरेशन झालेल्या माणसाचं बोलणं कळेनासं होतं आणि तो चारचौघांत जेवायचं टाळतो. पक्षाघाताचा रुग्ण शर्टाचं बटण स्वतः लावायला बराच वेळ घेतो. शेजारी बसलेल्या जोडीदाराने त्या वेळी हात पुढे न करणं हा उपचार आहे, कारण सरावाशिवाय हात परत येत नाही. हे कोणी सांगितलं नाही तर बायको प्रेमापोटीच त्याचं बटण लावते आणि हात तसाच राहतो. अति काळजीनेही माणूस अंथरुणाला बांधला जातो. कलमांची राखण करणाऱ्याला कलमांखाली जाऊ द्यावं, स्वयंपाक करणारीला चुलीजवळ बसू द्यावं. किती आणि केव्हा, हे मात्र अंदाजाने ठरवू नये, कोणी जाणत्याने सांगावं.

सांभाळणाऱ्याच्या तब्येतीचा प्रश्नही भावनेपुरता नाही. १९९९ मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या पाहणीत असं आढळलं की आजारी जोडीदाराला सांभाळणाऱ्या आणि त्याचा ताण जाणवणाऱ्या वृद्धांमध्ये, ज्यांच्यावर अशी जबाबदारी नव्हती त्यांच्या तुलनेत, चार वर्षांत मृत्यूचं प्रमाण ६३ टक्के जास्त होतं. म्हणजे आपण एकाला वाचवताना दुसऱ्याला झिजवतो. इथल्या बायका नवऱ्याच्या गोळ्या चुकवत नाहीत आणि स्वतःच्या रक्तदाबाच्या गोळ्या महिना महिना आणत नाहीत, हे कोणत्याही औषधवाल्याला विचारावं.

शुश्रूषा शिकावी लागते हे महाराष्ट्राला कळलं नव्हतं असंही नाही. न्यायमूर्ती रानडे १९०१ मध्ये गेले. त्यांच्या आजारात त्यांच्या उशाशी बसलेल्या पत्नी रमाबाई रानडे यांनी १९०९ मध्ये पुण्यात सेवासदन उभं केलं आणि तिथल्या बायकांना परिचारिकेचं शिक्षण घेण्यासाठी ससून रुग्णालयात पाठवलं. ज्या काळात परक्याच्या जखमेला हात लावणं सोवळ्याओवळ्यात बसत नव्हतं, त्या काळात त्यांनी शुश्रूषेला विद्या मानलं. अलीकडचं उदाहरण डॉ. जगन्नाथ वाणींचं. कॅनडात कॅलगरीला संख्याशास्त्राचे प्राध्यापक असलेल्या वाणींच्या पत्नीला स्किझोफ्रेनिया होता. तिला सांभाळताना जे कळलं ते घेऊन त्यांनी १९९७ मध्ये पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन सुरू केली, आणि याच आजारावरच्या ‘देवराई’ चित्रपटामागेही त्यांचं बळ होतं. त्या संस्थेत रुग्णाइतकंच रुग्णाच्या घरच्यांना महत्त्व मिळालं. एकमेकांसमोर बसून बोलायला त्यांना जागा मिळाली. कॅन्सरच्या बाबतीत पुण्यात वारज्याला १९९७ पासून चालणारं सिप्लाचं पॅलिएटिव्ह केअर केंद्र रुग्णाबरोबर घरच्या माणसाला राहू देतं आणि त्याला शिकवतं. केरळात कोझिकोडला १९९३ मध्ये सुरू झालेलं वेदनाशमनाचं काम पुढे गावागावांतल्या स्वयंसेवकांच्या हातात गेलं आणि २००८ मध्ये तिथल्या सरकारने त्यासाठी धोरणच केलं. तिथे परिचारिका घरी येते, आणि शेजारचा माणूस संध्याकाळी तासभर बसायला येतो.

आपल्या राज्याच्या आरोग्य योजनेला महात्मा जोतीराव फुल्यांचं नाव आहे. तिच्यामुळे गरीब घरांवरचा ऑपरेशनचा खर्च टळला, हे मोठंच काम आहे. पण ती पैसे देते रुग्णालयाला. रुग्णाबरोबर राहिल्यामुळे बुडालेल्या मजुरीचा त्यात विचार नाही. कामगार विमा योजनेत कामगार स्वतः आजारी पडला तर वर्षाला ९१ दिवसांपर्यंत सत्तर टक्के पगार मिळतो. त्याची बायको आजारी पडली तर तिच्यावर उपचार होतात, पण तिच्याजवळ थांबण्यासाठी त्याला त्यातला एक रुपयाही मिळत नाही. बाळंतपणानंतर पहिल्या ४२ दिवसांत आशाताईने घरी किती वेळा जायचं, ते ठरलेलं आहे. कॅन्सरचं ऑपरेशन होऊन घरी आलेल्या माणसाकडे आणि त्याच्या जोडीदाराकडे कोणी किती वेळा जायचं, हे ठरलेलं नाही. बाळंतिणीसाठी जमलं ते इथेही जमेल. खर्चही फार नाही. इच्छा आणि नेमून दिलेलं माणूस लागतं.

सावर्डे परिसराला तर हे इतरांपेक्षा लवकर जमायला हवं. रुग्णालय आहे, वैद्यकीय महाविद्यालय आहे, शिकणारी मुलं आहेत. घरी सोडण्याआधी प्रत्येक मोठ्या आजाराच्या रुग्णाच्या जोडीदाराला एक तास बसवून नळीतून कसं भरवायचं, कूस कशी बदलायची, कोणती लक्षणं दिसली तर लगेच यायचं, हे त्याच्या हाताने करून घ्यावं. त्याच वेळी त्याचाही रक्तदाब मोजावा. केसपेपरवर त्याचं नाव ‘सांभाळणारी व्यक्ती’ म्हणून लिहावं.

आणि मुंबईच्या ग्रामस्थ मंडळांना माझी कळकळीची विनंती आहे. देवळाच्या जीर्णोद्धाराला, पालखीला, सभामंडपाला तुम्ही पावत्या फाडून पैसा उभा करता, तो मी पाहिला आहे. ती ताकद लहान नाही. तुमच्या वाडीत आज अंथरुणाला खिळलेली किती माणसं आहेत आणि त्यांच्याजवळ कोण बसलं आहे, याची एकदा यादी करा. त्या बसलेल्या माणसाला महिन्यातले चार दिवस सुटी मिळावी, यासाठी गावातल्याच एका बाईला किंवा पोराला शिकवून पगारावर ठेवा. यंदा गणपतीला याल तेव्हा आजाऱ्याला भेटून झालं की वहिनींना किंवा काकांना विचारा, ‘तुम्ही शेवटचं डॉक्टरकडे कधी गेला होता?’ आणि ते गेले नसतील, तर दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना घेऊन डेरवणला जा. त्यांच्याही नावाचा केसपेपर काढा.